ताईच्या बाजूचं बटण

मागच्या खोलीतून "हात!" अशी आरोळी आली की स्वयंपाकघरातून "दिसले!" असं उत्तर जायचं, आणि मग मशीन घुर्र करून सुरू व्हायचं. शेजाऱ्यांना सवय होती, पण नवा माणूस दचकायचाच. एकदा मापं घ्यायला आलेल्या शिंपीणबाईंनी टेप हातातच धरून विचारलं होतं, "अहो, कोणाचे हात? कुठे दिसले?" ताई म्हणाली, "कुठेच नाही हो. तुम्ही कंबर घ्या."

ताई म्हणजे या घरातली थोरली. तिची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. कानाला यंत्र, समोर भोकाभोकांचा उभा पाट, प्रत्येक भोकाशी एक बारीकसा दिवा. दिवा पेटला की तिथे दोरी खुपसायची आणि विचारायचं, "नंबर?" पुढे ते पाट गेले, दोऱ्या गेल्या, ताईला चौकशीच्या खिडकीत बसवलं, पण तिचे कान काही रिटायर झाले नाहीत. पलीकडचा माणूस खोटं बोलतोय, रडून आलाय की तोंडात घास धरून बोलतोय, हे तिला पहिल्या शब्दात कळायचं. तिचं स्वतःचं बोलणंही एक्स्चेंजचंच राहिलं, सुटं सुटं आणि स्वच्छ.

दुसरा तिचा भाऊ, धाकटा. साठी उलटून गेली, डोक्यावर मोजके केस उरले, तरी धाकटाच. गल्लीतली पोरंसुद्धा त्याला "धाकटेकाका" म्हणत आणि त्यात काही गंमत आहे हे कोणाच्या लक्षात येत नसे. आई लवकर गेल्यामुळे ताईनेच त्याला वाढवलं होतं. दोघांची लग्नं राहून गेली, तिचं त्याच्यामुळे आणि त्याचं आळसामुळे, असं ताई चारचौघांत सांगायची आणि तो खाली मान घालून हसायचा. कामात मात्र आळशी नव्हता. कारखान्याच्या टूलरूममध्ये मिलिंग मशीनवर त्याने हयात काढली. मिलिंग मशीन म्हणजे लोखंडाला सपाट करणारं, खाचा पाडणारं यंत्र. वर दातेरी कटर गरगर फिरतो आणि खाली टेबलावर घट्ट धरलेला तुकडा हँडल फिरवून त्याच्याकडे सरकवायचा. धाकट्याने कापलेल्या खाचेत केस अडकत नाही, असं त्याचे सोबती म्हणत.

असा माणूस रिटायर होऊन घरात बसला तेव्हा ताईच्या नाकी नऊ आले. तो दिवसभर तिच्या मागे मागे. भाजी चिरताना "अंगठा आत घे, ताई," डबा उघडताना "झाकण तिरकं बसतंय बघ," दार लावताना "बिजागरी ऐकलीस का?" शेवटी एक दिवस चाचरत चाचरत तो म्हणाला, "एक छोटं मिलिंग मशीन बघून ठेवलंय. जुनं आहे पण निरोगी आहे. मागच्या खोलीत मावेल. तुझी हरकत नसेल तर..."

"आण," ताई म्हणाली.

ती इतक्या चटकन हो म्हणाली की त्यालाच संशय आला. "काय अट आहे?"

अटी दोन होत्या. पहिली ताईच्या आरामखुर्चीची. त्या खुर्चीची पाठ हवी तितकी कलती करून मागची दांडी एका दातेरी लोखंडी पट्टीत अडकवायची सोय होती. पट्टीचे दाते झिजून गुळगुळीत झाले होते, दांडी घसरायची आणि माणूस धाडकन उताणा पडायचा. म्हणून ताईने ती पाठ सुतळीने ताठ बांधून टाकली होती. वर्षानुवर्षं धाकटा सांगत आला होता, रिटायर झालो की नवी पट्टी करून देतो. "तुझ्या रिटायर होण्याची वाट बघून माझी पाठ रिटायर झाली," ताई म्हणाली. "पहिलं काम माझ्या खुर्चीचं."

"कबूल. दुसरी?"

"मशीनचं एक बटण माझ्या बाजूला पाहिजे. खोलीच्या बाहेर, बोळात. मी बंद केलं की बंद."

"तुला काय करायचंय बटण? तू काय मशीन चालवणार आहेस?"

"म्हणूनच पाहिजे."

ही कसली मागणी, असं म्हणत त्याने कपाळाला हात लावला, पण वायरमनला बोलावून बोळातल्या भिंतीवर एक लाल बटण बसवून घेतलं. ते दाबलं की मागच्या खोलीत मशीनची वीज तुटणार होती. ताईने दोनदा दाबून बघितलं आणि फडक्याने पुसून ठेवलं.

मशीन आलं ते जाड पिवळ्या ग्रीसने लिंपलेलं. चार हमाल लागले. धाकट्याने रॉकेलने ते असं न्हाऊमाखू घातलं की ताईला त्याचं बाळपण आठवलं. फरक एवढाच की तेव्हा रडत तो होता. मग आली जमिनीची पंचाईत. पाणसळीतला बुडबुडा काही केल्या मध्ये थांबेना. धाकटा या पायाखाली पत्रा सरकवी, त्या पायाखालचा काढी. ताई दारात उभी राहून म्हणाली, "अरे, ही धुण्याची खोली होती. सगळा उतार मोरीकडे आहे. मी रोज पाणी लोटते तिकडे." मग मोरीकडच्या दोन पायांखाली पत्रे गेले, बुडबुडा शहाण्यासारखा मध्ये आला आणि धाकट्याने बैठक जमिनीला बोल्टने आवळून टाकली.

एवढ्यावर भागेल असं ताईला वाटलं होतं. पण त्याने कटरच्या जागी एक लहानसं डायल लावलं, हाताने गोल फिरवलं आणि त्याची सुई टेबलाच्या चारही बाजूंना कुठे हलते ते बघत बसला. मशीनचं डोकं टेबलावर अगदी काटकोनात हवं होतं. सुई जरा हलली की बोल्ट सैल करायचे, डोक्याला हलकेच हातोडी दाखवायची, पुन्हा आवळायचे, पुन्हा सुई. डोकं झालं तर तुकडा धरायचा व्हाइस. त्याचा जबडा टेबलाच्या चालीला समांतर आहे का, पुन्हा तीच सुई, तोच जप. ताईने चहाचा कप टेबलावर ठेवला तर हा केवढ्याने ओरडला!

"सुईच्या हलण्यापायी चहा गार करशील," ती म्हणाली.

"आत्ता वाकडं राहिलं ना ताई, तर पुढचं सगळं वाकडंच कापत जाईल. आणि मी म्हणत बसेन, लोखंड वाईट."

ताईने कप उचलून खिडकीत ठेवला. तो टेबलावर कप, फडकं, काहीही ठेवू देत नाही, हे तिला आवडलं होतं, पण तिने ते बोलून दाखवलं नाही.

थंडीत ती खोली गारठायची. ताईने मायेने लोकरीचे हातमोजे विणले आणि मशीनपाशी नेऊन दिले. धाकट्याने ते असे लांब धरले की जणू त्यांना काटे होते. "मशीनवर हातमोजा? एक धागा जरी कटरने पकडला तरी मोजा जाईल आणि आतला हातही जाईल. मी बाह्यासुद्धा कोपराच्या वर दुमडतो, बघतेस ना?" ताई आधी रुसली. मग तिने मोजे हातात उलटेपालटे करून बघितले. मोजे तिने स्वतःसाठी ठेवले.

त्याच दिवशी त्याने तिला "हात!" शिकवलं. टूलरूममधल्या वस्तादांची ही रीत होती. वस्तादांची दोन बोटं तरुणपणीच मशीनने नेलेली होती. त्यांचा दंडक असा की सुरू करायच्या आधी दोन्ही हात वर करून "हात!" म्हणून ओरडायचं. सगळ्यांत जवळच्या माणसाने मान वळवून बघायचं, "दिसले" म्हणायचं, मगच हिरवं बटण. उत्तराशिवाय कोणी बटण दाबलं तर त्याला मशीनवरून उठवायचं, मग तो कितीही हुशार असो. वस्तादांच्या नंतर हे काम धाकट्याकडे आलं. स्वतःच्या जिवलग मित्राला त्याने या एका चुकीसाठी मशीनवरून काढून गोदामात पाठवलं होतं, आणि त्या मित्राने पुढे त्याच्याशी बोलणं टाकलं होतं.

"घरात जवळचा माणूस तूच," तो ताईला म्हणाला. "तेव्हा तू बघायचंस."

पहिले काही दिवस ताई खरोखर आली. कणकेचे हात तसेच घेऊन बोळातून डोकवायची, बघायची, म्हणायची. पण मशीन काय एकदाच सुरू होतं? तुकडा मोजायचा तर बंद. लोखंडाचा कीस झाडायचा तर बंद, तोही ब्रशने, हाताने कधीच नाही. कटर बदलायचा तर बंद. आणि दर वेळी पुन्हा "हात!" ताईचे गुडघे कुरकुरू लागले. मग ती चुलीपाशीच उभी राहून म्हणू लागली, "दिसले!"

"न बघता म्हणतेस!" तो आतून ओरडायचा.

"तुझे हात तू जन्मलास तेव्हापासून बघतेय!" ती इकडून ओरडायची.

खरं सांगायचं तर तिने डोळ्यांचं काम कानांवर टाकलं होतं. भिंतीपलीकडचं सगळं तिला ऐकू यायचं आणि त्याचा क्रम तिला पाठ झाला होता. कटर बसवला की मशीनच्या डोक्यावरचा लांब बोल्ट तो पान्याने आवळायचा: कर्र, कर्र. मग पाना काढून भिंतीवरच्या खिळ्याला अडकवायचा: टिंग. मग समोरचं पारदर्शक झाकण खाली ओढायचा: टप्. मग "हात!" कर्र, टिंग, टप्, हात. यातलं एक जरी चुकलं असतं तरी ताईच्या ध्यानात आलं असतं, असं तिला वाटायचं, आणि ते खोटं नव्हतं.

घर सुखात होतं. गल्लीतले लोक काहीबाही घेऊन यायचे. कुणाच्या कुकरचा दांडा, कुणाच्या चाकाच्या खुर्चीचा तुटका आधार, शाळेच्या फाटकाची कडी. धाकटा चष्मा कपाळावर सारून तुकडा असा निरखायचा की आणणाऱ्याला आपल्या कडीचा अभिमान वाटावा. एवढ्या सगळ्यात ताईच्या खुर्चीची पट्टी अर्थातच मागे पडली. खिडकीत तिचा कोरा तुकडा पडून होता, आणि "उद्या नक्की" हा धाकट्याचा आवडता मुहूर्त होता.

पहिली शंका ताईला आली ती अपमानातून. एक दिवस जेवताना तो म्हणाला, "ताई, हल्ली पुटपुटतेस फार."

ताईचा घास हातातच राहिला. तिच्या उभ्या जन्मात तिला असं कोणी म्हटलं नव्हतं. वादळात, खरखरत्या तारांवर, पार दुसऱ्या टोकाच्या माणसाला तिचा शब्द न् शब्द कळायचा. ती दोन दिवस फुरंगटून बसली. तिसऱ्या दिवशी तिला जाणवलं की आपण फुरंगटलोय हे त्याला कळलंच नाहीये, कारण आपण बोलत नाही आहोत हे त्याला ऐकूच आलेलं नाही.

मग आला बटाट्याचा दिवस. ती उकडलेला बटाटा चाखत होती, चटका बसण्याइतका गरम, आणि नेमकी तेव्हाच आरोळी आली, "हात!" तोंडात तो निखारा. गिळवेना, थुंकवेना, बोलवेना. ती हातवारे करत राहिली भिंतीकडे बघून. आणि मशीन घुर्र करून सुरू झालं.

ताईने बटाटा कसाबसा गिळला. डोळ्यांत पाणी आलं ते चटक्याचं, असं तिने स्वतःला सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती मुद्दाम गप्प राहिली. मशीन सुरू झालं. त्यानंतर एकदा ती खणखणीत आवाजात म्हणाली, "नाही दिसले!" मागच्या खोलीत उत्तरापुरती शांतता झाली, आणि मशीन सुरू झालं.

तो थांबायचा, हेच तिला जास्त लागलं. "हात!" म्हणून तो प्रामाणिकपणे, उत्तर येऊन जाईल इतका वेळ थांबायचा. उत्तर आलंच असणार असं धरून मग बटण दाबायचा.

सांगायला हवं होतं. ताईला हे कळत होतं. पण सांगितलं की काय होईल तेही तिला स्वच्छ दिसत होतं. उत्तर न ऐकता बटण दाबणाऱ्याला मशीनवरून उठवायचं, आणि उठवणारा हाच. जो जिवलग मित्राला सोडत नाही तो स्वतःला सोडेल होय? ती त्याला त्या खोलीतून शीळ घालत बाहेर येताना बघायची, दंडाला तेल, केसांत कीस, आणि तिची जीभ टाळूला चिकटायची. आयुष्यात तिने त्याच्यासाठी पुष्कळ केलं होतं, पण त्याच्या हातातलं काही काढून घेणं तिला कधी जमलं नव्हतं. लहानपणी गोटी गिळेल म्हणून काढून घेतली होती तेवढीच.

म्हणून तिने आडवाट काढली. भाजी चिरायचा पाट उचलून बोळात आणला, लाल बटणाखाली.

"इथे का बसतेस?" धाकट्याने विचारलं.

"वारा येतो."

"बोळात? वारा?"

"तुला नाही लागत," ती मोठ्याने म्हणाली. तो डोकं खाजवत आत गेला.

असे काही आठवडे गेले. ती कान टवकारून बसायची, कर्र, टिंग, टप् मोजायची आणि "दिसले" म्हणायची, जे कोणी ऐकत नव्हतं.

मग एका सकाळी धाकट्याला एकदाची खुर्चीची आठवण झाली. कोरी पट्टी व्हाइसमध्ये चढली. चार दाते झाले. पाचव्याआधी त्याने कटर बदलायला घेतला, कर्र, कर्र, आणि तेवढ्यात दार वाजलं. त्याला काही ते ऐकू आलं नाही. ताईने उठून उघडलं; शाळेचा शिपाई होता, फाटकाची कडी घेऊन. ताईने मागच्या खोलीत जाऊन भावाच्या डोळ्यांसमोर हात हलवला तेव्हा तो बाहेर आला. कडी बघितली, दोन विनोद झाले, "ठेवून जा" म्हणाला आणि आत गेला. शिपाई मात्र दारातच ताईला आपल्या सुनेची कहाणी सांगत उभा राहिला.

ताई सुनेला हुंकार देत होती, पण कान मागे होते. टप्. झाकण पडलं.

टिंग कुठे गेली?

"हात!" आतून आरोळी आली.

"नाही!" ताई ओरडली. शिपाई दोन पावलं मागे सरला. ती "नाही! नाही! थांब!" असं ओरडत वळली आणि कुरकुरत्या गुडघ्यांनिशी बोळातून धावली. भिंतीला खांदा आपटला, भाजीच्या पाटाला पाय लागला, गाजरं घरंगळत गेली. आत तो थांबलेला होता, नेहमीसारखा, उत्तरापुरता. तेवढ्यात तिचा तळवा लाल बटणावर पडला.

आत त्याचं हिरवं बटण खट् झालं. पुन्हा खट्. मशीन गप्प.

"ताई! लाईट गेली गं!" धाकटा ओरडला आणि मागे वळला. ताई दारात उभी होती, एक हात बटणावर, एक हात छातीवर. तिने नुसतं वर बोट केलं.

मशीनच्या डोक्यावर, लांब बोल्टला पाना तसाच अडकलेला होता. बरोबर त्याच्या कपाळाच्या उंचीवर. मशीन सुरू झालं असतं तर तो पाना कुठल्या वेगाने कुठे गेला असता, हे त्या खोलीत त्याच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"मी नाही म्हटलं होतं," ताई म्हणाली. "ओरडून म्हटलं."

"कधी?" त्याने विचारलं.

त्या "कधी"ने ताईचं उरलंसुरलं बळ गेलं. दारातच भिंतीला टेकून तिने सगळं सांगून टाकलं, बटाट्याच्या दिवसापासून. प्रत्येक शब्द त्याच्याकडे तोंड करून, एक्स्चेंजमधल्यासारखा सुटा सुटा. तो ऐकत होता आणि तिच्या ओठांकडे बघत होता. मग त्याने पाना काढला, खिळ्याला अडकवला, ब्रशने टेबल झाडलं, तेलाचं फडकं फिरवलं आणि मशीनवर जुनी चादर घातली. हातांची चूक नव्हती, पण त्याने ते हात पाठीमागे बांधले आणि तो गॅलरीत जाऊन बसला.

पुढचे दिवस वाईट गेले. ताईने त्याला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं, कानामागे लावायचं यंत्र मिळालं. जेवणाच्या टेबलाशी त्याचा उपयोग झाला. ताई पुटपुटत नाही हे त्याने मान्य केलं. पण मशीनपाशी ते यंत्र नुसती घरघर मोठी करून द्यायचं, त्यात माणसाचा शब्द बुडून जायचा. एकदा मशीन मोकळंच फिरवून त्याने स्वतःच ते आजमावलं आणि पुन्हा चादर घातली. जुन्या सोबत्याला त्याने ताईकडून फोन करवला, कोणी मशीन नेणारं असेल तर बघ.

तो तक्रार करत नव्हता, चिडत नव्हता, आणि ताईला तेच सोसवेना. ती मुद्दाम त्याच्यासमोर अंगठा बाहेर काढून भाजी चिरायला बसली. तो बघत होता. काही बोलला नाही. तिने डब्याचं झाकण तिरकं लावलं. तो काही बोलला नाही. तेव्हा मात्र ताई स्वयंपाकघरात गेली आणि नळ मोठा सोडून रडली. तिला तिचा टोकणारा, मागे मागे येणारा, डोकं उठवणारा धाकटा परत हवा होता. पुढच्याच आठवड्यात मशीन न्यायला माणसं येणार होती.

नळ बंद करताना तिला वायरमन आठवला.

धाकटा कानाचं यंत्र तपासून घ्यायला गेला होता तेवढ्यात तिने काम उरकलं. तो परत आला तर मागच्या खोलीच्या दारात आरामखुर्ची, सुतळीने ताठ बांधलेली, आणि तीत ताई, तितकीच ताठ. मशीनवरची चादर घडी घालून तिच्या मांडीवर होती.

"हे काय मांडलंयस?"

"वर बघ."

मशीनच्या मागच्या भिंतीवर, त्याच्या डोळ्यांच्या रेषेत, एक हिरवा दिवा बसवला होता. "माझ्या बटणाला जोडलाय," ताई म्हणाली. "यापुढे माझं बटण बंदच राहील. तू हात दाखवायचेस, मी इथे बसून बघणार. दिसले की मी लावणार, दिवा पेटणार, मग तुझं बटण. दिवा नाही तर मशीन नाही. जन्मभर मी दिवा पेटला की बोलले. आता तू बघ."

त्याने मान हलवली. "मी मशीनवरून उतरलोय, ताई. न ऐकता बटण दाबलं मी. किती दिवस, कोण जाणे."

"आणि मी न बघता दिसले म्हटलं. तेही कोण जाणे किती दिवस. तुझ्या वस्तादांनी तुझ्याआधी मला गोदामात पाठवलं असतं."

मग त्याच्या खांद्यांना हसू फुटलं, मागून तोंडाला. कितीतरी दिवसांनी.

"मला वाटायचं, तू म्हणतेसच," तो म्हणाला.

"मी म्हणायचेच रे. तेच तर झालं."

"दिवसभर अशी बसशील? भाजी कोण चिरणार?"

"इथेच चिरीन. अंगठा बाहेर काढून."

"अंगठा आत घ्यायचा, ताई! किती वेळा सांगितलं!" तो ओरडला, आणि ताईच्या जिवात जीव आला.

तरी तो लगेच तयार झाला नाही. तिचं बटण बंद ठेवून त्याने आपलं हिरवं बटण चारदा दाबून बघितलं. तारा हाताने चाचपल्या. मग बराच वेळ मशीनसमोर उभा राहिला.

"वस्ताद असते तर काय म्हणाले असते?" ताईने विचारलं.

"म्हणाले असते, आधी पाना कुठे आहे ते बघ."

पाना खिळ्याला होता. त्याने तो बोटाने हलवून खात्री केली. बाह्या दुमडल्या, चष्मा चढवला. अर्धवट पट्टी अजून व्हाइसमध्येच होती; व्हाइस पुन्हा आवळला, झाकण खाली ओढलं. एरवी तो भिंतीकडे तोंड करून ओरडायचा. आज मात्र दाराकडे वळला आणि दोन्ही हात वर केले.

"हात!"

ताई बघू लागली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती खरोखर बघत होती. डाव्या तळव्यावर जुना चट्टा, तापलेल्या किसाचा. उजव्या अंगठ्याचं नख काळं. बोटांची पेरं सुजलेली, तेल कातडीच्या रेघांत कायमचं मुरलेलं. याच हाताला धरून तिने त्याला पहिल्या दिवशी कारखान्याच्या फाटकाशी सोडलं होतं, आणि फाटकाच्या आत गेल्यावर त्याने मागे वळून असाच हात वर केला होता. तेव्हा तो केवढासा होता. कधी एवढे म्हातारे झाले हे हात, आणि आपण कुठे होतो?

"ताई, दिसले का?"

"थांब," ती म्हणाली. "बघतेय."

दहाच्या दहा बोटं बघून झाल्यावर तिने डोळे पुसले, बोळातल्या भिंतीकडे हात लांबवला आणि बटण लावलं. हिरवा दिवा पेटला.

मशीन न्यायला आलेली माणसं चहा पिऊन परत गेली. पट्टीचे उरलेले दाते झाले, कानशीने त्यांच्या कडा मारून झाल्या, आणि एका दुपारी धाकट्याने सुतळी कापून खुर्चीला नवी पट्टी बसवली. दांडी दातात खट्कन बसली. ताई हळूच मागे रेलली. पाठ टेकली, मान टेकली. तिने डोळे मिटले.

"कसं वाटतंय?"

"उशीर केलास," ती डोळे न उघडता म्हणाली. "पण छान वाटतंय रे."

धाकट्याने कापलेली सुतळी गुंडाळून ठेवली. मग शिपायाने ठेवलेली फाटकाची कडी उचलून आत गेला. व्हाइस आवळल्याचा, मग कटर चढवल्याचा आवाज आला. कर्र, कर्र. टिंग. टप्.

"हात!"

ताईने पाठ सरळ केली, दांडी सगळ्यांत वरच्या दातात अडकवली आणि हाताशी ठेवलेला चष्मा लावला.

"दाखव," ती म्हणाली.